दर मिनिटाला थर्मोस्टॅटला तापमान सांगू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत स्टुटगार्टजवळ भाड्याचा तीन खोल्यांचा फ्लॅट, चार रेडिएटर, चारहींच्या व्हॉल्व्हवर फ्रिट्झ-डेक्ट ३०१ हे थर्मोस्टॅटचं हेड, घरात फ्रिट्झबॉक्स राउटर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायफ्रिट्झहोम ही पायथॉन लायब्ररी वापरून लिहिलेली स्क्रिप्ट दर मिनिटाला लॉगिन करते, घरातल्या कुणाचा फोन वायफायवर आहे का ते बघते आणि त्यानुसार प्रत्येक खोलीला २१ किंवा १६ अंश सांगते. तक्रारी अशा, की सांगितलेलं तापमान टिकत नाही, सेल दोन महिन्यांत संपले, आणि पहाटे पाचला २१ सांगूनही दिवाणखाना आठपर्यंत गारच असतो. अधूनमधून राउटर लॉगिनच नाकारतो. शेवटी विचारलंय, की असिंकआयओवर (एकाच वेळी अनेक कामं हाताळायची पायथॉनमधली सोय) चालणारी, जास्त वेगवान अशी दुसरी लायब्ररी आहे का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नको. चार रेडिएटरसाठी असिंकआयओ म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढण्यासारखं आहे. तुमचा हुकूम राउटरपर्यंत पोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. पण हेड सेल वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेलं असतं. ते अधूनमधून जागं होऊन राउटरला विचारतं, आणि तेव्हा कुठे हुकूम त्याच्या हातात पडतो. याला पाव तासही लागू शकतो. रेडिएटर तापून खोलीला ते जाणवायला आणखी वेळ. या साखळीत पायथॉन जिथे आहे तिथे वेग वाढवून काहीच मिळणार नाही.

मी गेली बारा वर्षं न्यूर्नबर्गमध्ये इमारतींच्या हीटिंगचं कंट्रोल सॉफ्टवेअर लिहितो, आणि घरी भाड्याच्याच फ्लॅटमध्ये तुमच्यासारखीच हेडं आहेत. तुमच्या वर्णनावरून तुमची स्क्रिप्ट माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या स्क्रिप्टची जुळी बहीण दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते अडचण लायब्ररीत नाही. एकाच रेडिएटरला चार जण हुकूम सोडताहेत: राउटरमधलं वेळापत्रक, तुमची स्क्रिप्ट, हेडमधली ‘खिडकी उघडी आहे’ ओळखण्याची सोय, आणि घरातली माणसं. जो शेवटी बोलतो त्याचं चालतं. तुम्हाला वाटतंय थर्मोस्टॅट ऐकत नाही. तो ऐकतोय, फक्त सगळ्यांचंच.

हेडच्या आत फार काही नसतं. दोन डबल-ए सेल, छोटी मोटर, गिअर, तापमानाचा सेन्सर आणि रेडिओ. मोटर एक दांडा पुढेमागे करते, तो व्हॉल्व्हची पिन दाबतो किंवा सोडतो. पिन पूर्ण दाबली की पाणी बंद. किती सोडायची हे हेड स्वतःच ठरवतं. म्हणजे कंट्रोलर तिथे आधीच बसलेला आहे, आणि आपण त्याला फक्त लक्ष्य सांगतो. त्यामुळे वरून आणखी एक पीआयडी (चूक मोजून आपोआप दुरुस्त करणारा कंट्रोलर) लिहायचा मोह होत असेल तर तो सोडा. दोन कंट्रोलर एकमेकांच्या पाठीमागे धावायला लागले की खोली कधी उकडते, कधी गारठते, आणि कारण शोधता शोधता हिवाळा संपतो.

सेलचं कोडंही इथेच सुटतं. एकच आकडा पुन्हा पुन्हा पाठवल्याने मोटर फारशी हलत नसेल, पण तुमच्याकडे आकडा उड्या मारतोय. फोन झोपला, वायफायवरून दिसेनासा झाला, की १६. कुणीतरी स्क्रीन उघडली, की २१. प्रत्येक उडीला मोटर व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बंद करते आणि परत उघडते. एका संध्याकाळी अशा वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या तर सेल बिचारे काय करणार? सेल अल्कलाइनच आहेत ना, हेही बघा. नेहमीचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, ते घातले तर हेड फार लवकर रडायला लागतं.

आता तापमान टिकत का नाही ते. तुम्ही बाहेरून आकडा लिहिला की हेड तो हाताने केलेला बदल समजतं, आणि वेळापत्रकातली पुढची वेळ येईपर्यंतच पाळतं. तुमच्या राउटरमध्ये हेड जोडताना आपोआप तयार झालेलं किंवा तुम्ही कधीतरी भरलेलं वेळापत्रक अजून जिवंत असणार. तिथली वेळ आली की ते आपला आकडा लावतं, एका मिनिटाने तुमची स्क्रिप्ट तिचा लावते, आणि हेड जेव्हा जागं होईल तेव्हा त्याला त्यातला शेवटचा मिळतो.

इथे एक निर्णय घ्यावाच लागतो: वेळापत्रक कुणाच्या ताब्यात? दोन्ही पद्धती चालतात, पण मी आता कुणालाही एकच सुचवतो. वेळापत्रक राउटरमध्येच राहू द्या. स्क्रिप्टने फक्त अपवाद सांभाळायचे: सगळे बाहेर गेलेत, आज कुणीतरी घरून काम करतंय, उद्या सुट्टी आहे. मी आधी उलट केलं होतं. राउटरमधलं वेळापत्रक पुसून सगळी अक्कल पायथॉनमध्ये ठेवली होती. डिसेंबरात तीन आठवडे भारतात गेलो, आणि निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी रास्पबेरी पायचं एसडी कार्ड मेलं. स्क्रिप्टचा शेवटचा हुकूम होता बाथरूमला २३ अंश, सकाळच्या आंघोळीसाठी. तो खाली आणायला कुणी उरलंच नव्हतं. परत आलो तेव्हा बाथरूममधला टॉवेल पापडासारखा वाळला होता. तेव्हापासून कुठलीही स्क्रिप्ट लिहिताना मी आधी विचारतो, की ही या क्षणी मेली तर घर कुठल्या तापमानाला राहील? वेळापत्रक राउटरमध्ये असेल तर उत्तर सोपं आहे: पुढची वेळ येईपर्यंत चुकीचं, मग बरोबर.

स्क्रिप्टचा गाभा फार छोटा होतो. एकदा लॉगिन करायचं. दर पाच मिनिटांनी सगळ्या उपकरणांची माहिती एकदम मागवायची. प्रत्येक हेडसाठी वेगळी विनंती करायची गरज नाही, राउटर एकाच उत्तरात सगळं देतो. हे वाचन राउटरच्या स्मृतीतून येतं, त्यामुळे हेडचे सेल त्यात जळत नाहीत. मग खोलीसाठी कुठलं लक्ष्य हवं ते ठरवायचं, आत्ताच्या लक्ष्याशी ताडून बघायचं, आणि वेगळं असेल तरच लिहायचं. लिहिल्यावर पाव-अर्धा तास त्या खोलीला हातच लावायचा नाही. माझ्या घरी अशी स्क्रिप्ट एका खोलीला दिवसातून दोन-तीनदा लिहिते. काही दिवस एकदाही नाही.

ताडून बघताना एक खोच आहे. राउटरचा इंटरफेस लक्ष्य अर्ध्या अंशांत मोजतो. ८ अंशांसाठी १६ हा आकडा, २८ अंशांसाठी ५६. मधले दशांश त्याला कळत नाहीत. तुमच्या हिशेबातून २०.३ आलं, राउटरने २०.५ ठेवलं, तर दोन्ही आकडे कधीच जुळणार नाहीत आणि स्क्रिप्ट जन्मभर लिहीत बसेल. म्हणून आधी अर्ध्या अंशात गोल करा, मग तुलना. आणि लॉगमध्ये कधी खोलीचं लक्ष्य १२६.५ अंश दिसलं तर अग्निशमन दलाला फोन करू नका. त्या इंटरफेसमध्ये २५३ म्हणजे ‘बंद’ आणि २५४ म्हणजे ‘पूर्ण उघडा’. लायब्ररी भोळेपणाने त्यांनाही दोनाने भागते, त्यातून १२६.५ आणि १२७ येतात. हे दोन आकडे सरासरीत मिसळले की तुमचे आलेख मजेदार दिसतात.

माणसांचा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण माझ्या अनुभवात घरगुती ऑटोमेशन बंद पडतं ते कोडमुळे कमी आणि घरच्यांच्या वैतागामुळे जास्त. गेल्या वर्षी नोव्हेंबरात आई पुण्याहून आली होती. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी किटामध्ये म्हणजे पाळणाघरात, घरी आई एकटी. तिच्या फोनचं वायफाय बंद, कारण ‘चार्जिंग उतरतं’. स्क्रिप्टच्या दृष्टीने घर रिकामं, लक्ष्य १६. आईला थंडी वाजली, तिने हेडवरचं बटण दाबून २४ केलं. थोड्या वेळाने स्क्रिप्टने ते परत १६ केलं. आईने पुन्हा २४. संध्याकाळी घरी आलो तर ती शाल, स्वेटर आणि वर माझं जॅकेट घालून रेडिएटरसमोर खुर्ची टाकून बसली होती. ‘अरे, हे यंत्र माझ्याशी भांडतंय’ म्हणाली. तिचं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

यावरचा इलाज म्हणजे प्रत्येक खोलीसाठी तीन आकडे जवळ ठेवणं: वेळापत्रकानुसार आत्ता किती असायला हवं, मी शेवटचं किती लिहिलं, आणि आत्ता लक्ष्य किती दिसतंय. दिसणारं लक्ष्य पहिल्या दोघांपैकी कुणाशीच जुळत नसेल, तर कुणीतरी माणसाने बटण दाबलंय. अशा वेळी स्क्रिप्टने तोंड बंद ठेवायचं, वेळापत्रकातली पुढची वेळ येईपर्यंत. ती वेळ वेगळी साठवायचीही गरज नाही. पुढचा बदल कधी आणि किती अंशांना होणार आहे, हे प्रत्येक हेडच्या माहितीतच येतं. वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० पासून मोजलेल्या, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार) असते, ती बर्लिनच्या टाइमझोनमध्ये बदलून वापरा. इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ सरकतं, आणि ‘यूटीसीमध्ये एक तास मिळवा’ असं हाताने लिहिलेलं कोड नेमकं मार्चमधल्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी घर गार ठेवतं.

फोनवरून घरी कोण आहे हे ओळखणं मला आता फारसं आवडत नाही. पण वापरायचंच असेल तर दोन्ही बाजूंना सारखी घाई करू नका. फोन दिसला की लगेच ‘घरी’. दिसेनासा झाला की मात्र किमान अर्धा-पाऊण तास वाट बघा, मगच ‘बाहेर’. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात ‘बाहेर’ हा निष्कर्ष काढूच नका. त्या वेळी फोनही झोपतात आणि माणसंही. नव्या फोनमध्ये प्रत्येक नेटवर्कसाठी मॅक पत्ता (फोनची नेटवर्कवरची ओळख) बदलता ठेवायची सोय असते, ती घरच्या वायफायपुरती बंद करा. आणि पाहुणे आले की दाबायला एक साधं बटण ठेवा, ज्याने ही सगळी हुशारी तेवढे दिवस निवृत्त होईल. आमच्याकडे घरात त्याला ‘आजी मोड’ म्हणतात.

खिडकीबद्दल थोडक्यात. खोलीचं तापमान एकदम घसरलं की हेड समजतं खिडकी उघडली आहे, आणि काही मिनिटं व्हॉल्व्ह बंद ठेवतं. आपल्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली जातेच. तेव्हा हेडचं वागणं बरोबर असतं, आणि दर मिनिटाला २१ सांगणारी स्क्रिप्ट रस्ता तापवत असते. ‘खिडकी उघडी’ ही खूण लायब्ररी देते. ती खरी असेल तर त्या खोलीला काहीही लिहू नका.

आता सकाळच्या गारठ्याकडे. इथे मला खात्रीने सांगता येणार नाही, कारण तुमच्या इमारतीत बॉयलर कसा लावलाय त्यावर ते अवलंबून आहे. पण वर्णन वाचून माझा पहिला संशय स्क्रिप्टवर नाही, तळघरावर आहे. भाड्याच्या बहुतेक इमारतींत एक सामायिक बॉयलर किंवा गावाच्या हीटिंग जाळ्याची जोडणी असते, आणि तिला नाख्टआबझेंकुंग लावलेलं असतं, म्हणजे रात्री काही तास रेडिएटरला जाणारं पाणी कोमटच ठेवायचं. हेड हा नळ आहे. टाकीत गरम पाणीच नसेल तर नळ कितीही सोडा. पहाटे पाचला तुमचं हेड इमानदारीत व्हॉल्व्ह पूर्ण उघडतं, आणि आत येतं कोमट पाणी.

तपासायला पायथॉन लागत नाही. एकदा सकाळी साडेपाचला उठून रेडिएटरला वर जाणाऱ्या पाइपला हात लावा, आणि सातला पुन्हा लावा. साडेपाचला कोमट आणि सातला चटका, तर तुमची स्क्रिप्ट निर्दोष आहे. मग हाउसमाइस्टरशी, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याशी बोला. बॉयलरची सकाळची वेळ अर्धा-एक तास अलीकडे आणायला बऱ्याचदा कुणाची हरकत नसते. कुणी विचारलेलंच नसतं. तोवर एक व्यवहारी तोडगा: ज्या खोलीत सकाळी बसायचंय तिचं रात्रीचं तापमान १६ ऐवजी १८ ठेवा. फरक छोटा दिसतो, पण सकाळची चढण पाचाऐवजी तीनच अंशांची उरते.

दोन्ही वेळा पाइप गरमच निघाला, तर प्रश्न वेळेचा आहे, आणि तो लॉगमधून सुटतो. दर पाच मिनिटांचं वाचन एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाका: वेळ, खोली, प्रत्यक्ष तापमान, लक्ष्य. तीन आठवड्यांनी बघा, लक्ष्य वाढल्यावर खोली तासाला किती अंश चढते. माझ्या दिवाणखान्यात तो आकडा बाहेर पाच अंश असताना साधारण दीड होता, आणि बाहेर शून्याखाली गेलं की एकच्या आसपास. मधला आकडा घ्या, म्हणजे मीडियन. सरासरी घेतली तर खिडकी उघडलेले दिवस ती बिघडवतात. मग १८ वरून २१ ला पोचायला किती तास आधी सुरू करायचं हा शाळेतला त्रैराशिक हिशेब आहे. तो काढा आणि राउटरच्या वेळापत्रकात हाताने भरा. मी एकदा यासाठी मशीन लर्निंगचं मॉडेल बनवलं होतं. त्याने महिनाभर शिकून काढलेलं उत्तर आणि मीडियनचं उत्तर यांत दहा मिनिटांचा फरक पडला, आणि त्यातही मीडियनच बरोबर निघालं.

हेडच्या सेन्सरवर फार विसंबू नका, हे लॉग वाचताना ध्यानात ठेवा. तो गरम पाइपपासून वीतभर अंतरावर असतो. वर जाड पडदा पडला किंवा सोफा टेकला, की हेडभोवतीची हवा २२ होते आणि खोलीच्या मध्यभागी १९ असतात. आधी पडदा कापा किंवा सोफा हलवा. तरी फरक उरला तर टेबलावर साधं थर्मामीटर दिवसभर ठेवून बघा आणि तेवढी दुरुस्ती राउटरच्या सेटिंगमध्ये भरा, स्क्रिप्टमध्ये नाही. नाहीतर फ्रिट्झ-डेक्ट ४४० हे बटणांचं छोटं उपकरण मिळतं, त्यातला सेन्सर हेडला जोडता येतो. मी दिवाणखान्यात तेच केलं आणि तक्रारी बंद झाल्या.

१६ अंशांबद्दल मात्र सावध करतो. ‘घरी नसताना आणखी खाली नेऊ का’ हा पुढचा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच लिहितो. खोली गार ठेवली की भिंत त्याहून गार होते, विशेषतः बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची जागा. इथल्या बांधकामाच्या मानकात एक आकडा धरतात: खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली जाऊ नये, कारण तिथून बुरशीला पुरेसा ओलावा मिळायला लागतो. आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. सकाळ-संध्याकाळ कुकर, चहा, आणि दिवाणखान्यात स्टँडवर वाळत घातलेले कपडे. आर्द्रता ५० वर थांबत नाही, ६० च्या पुढे सहज जाते. आम्ही मागे राहत होतो त्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, घर सोडताना रंगकामावरून वाद झाला, आणि वर्षभरात वाचवलेले पैसे त्यात गेले. म्हणून १६ हा तळ ठेवा, बेडरूमला १७, आणि हिवाळ्यात स्क्रिप्टमधून ‘बंद’ हा हुकूम काढूनच टाका.

लॉगिन नाकारलं जातं त्याचं कारण साधं आहे. दर मिनिटाला नवं सत्र उघडायची गरज नाही. एकदा मिळालेला सत्रक्रमांक वापरात असेपर्यंत चालतो, आणि शेवटच्या वापरानंतर वीस मिनिटांनी कालबाह्य होतो. दर पाच मिनिटांनी वाचत असाल तर तो जिवंतच राहतो. चुकीच्या पासवर्डने प्रयत्न झाले तर राउटर दर खेपेला जास्त वेळ थांबायला लावतो. त्यामुळे लॉगिन फसलं की लगेच पुन्हा धडकू नका. एक मिनिट, मग दोन, मग चार असं थांबत जा. स्क्रिप्टसाठी वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला फक्त स्मार्ट होमचा अधिकार द्या. राउटरचा मुख्य पासवर्ड रास्पबेरी पायवरच्या साध्या फाइलमध्ये ठेवलेला मी बऱ्याच जणांकडे पाहिलाय. आशा आहे तुम्ही त्यांतले नाही. हेड प्रतिसादच देत नसेल तर लायब्ररीतून येणारा त्रुटी क्रमांक बघा. ३ दिसला तर व्हॉल्व्हची पिन अडकली आहे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या रेडिएटरला हे होतंच. हेड काढा, पिन बोटाने किंवा लाकडी तुकड्याने काही वेळा हलकेच दाबून सोडा. पकडीने ओढू नका, पिन बाहेर आली तर दिवाणखान्यात तळं होईल.

उपकरणं अजून बदलायचा विचार असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तुमची निवड माझ्या मते चांगली आहे, कारण सगळा संवाद घरातल्या घरात होतो. लायब्ररी कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलत असेल तर त्या सर्व्हरचे नियम बदलले की तुमची स्क्रिप्ट बदलते. टाडो या स्मार्ट थर्मोस्टॅट कंपनीने मार्च २०२५ मध्ये वापरकर्तानाव-पासवर्डचं जुनं लॉगिन बंद करून ब्राउझरमधून मान्यता घ्यायची पद्धत आणली, आणि पायटाडो या लायब्ररीवर लिहिलेल्या स्क्रिप्टांना नवं कोड लागलं. सुरक्षेच्या दृष्टीने तो बदल योग्यच होता, पण थंडीत तो करायची पाळी आपल्यावर येते. गूगलने २०१९ मध्ये आपल्या नेस्ट थर्मोस्टॅटना इतर सॉफ्टवेअरशी जोडणारी ‘वर्क्स विथ नेस्ट’ ही सोय गुंडाळायचं जाहीर केलं. आता नेस्टला पायथॉनमधून बोलायचं तर पाच डॉलर भरून डिव्हाइस अ‍ॅक्सेसमध्ये नोंदणी करावी लागते. पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचं अ‍ॅपशी नातं ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं. झिग्बी या घरगुती रेडिओवर चालणारी हेडं आणि एमक्यूटीटी ही निरोप पोचवायची पद्धत, हा स्थानिक मार्गही उत्तम आहे, फक्त तिथे लायब्ररीची आवृत्ती नक्की करून ठेवा. तिथली पायथॉन लायब्ररी पाहो-एमक्यूटीटी २.० आली तेव्हा कॉलबॅकची पद्धत बदलली, आणि डोळे झाकून अपग्रेड करणाऱ्यांच्या स्क्रिप्ट बसल्या. स्वतः कोड लिहिण्याची हौस नसेल तर होम असिस्टंट हे तयार घरगुती ऑटोमेशन सॉफ्टवेअर वापरा. फ्रिट्झसाठी तेही आतून पायफ्रिट्झहोमच वापरतं, आणि वर सांगितलेल्यातलं बरंच तयार मिळतं. माणसाच्या हाताला मान देण्याचा नियम मात्र तिथेही तुम्हालाच लिहावा लागेल.

पैशांची अपेक्षा किती ठेवायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येकाच्या मनात असतंच. इथे सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा असा, की खोलीचं तापमान एक अंशाने कमी ठेवलं तर हीटिंगची ऊर्जा साधारण ६ टक्के वाचते. पण भाडेकरूच्या बिलात ते सगळं दिसत नाही. कायद्याने हीटिंगच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भागच प्रत्यक्ष वापरावर वाटला जातो, उरलेला क्षेत्रफळावर. समजा तुमच्या वाट्याला वर्षाला हजार युरो येतात आणि वापराचा हिस्सा ७० टक्के आहे. स्क्रिप्टने वापर १० टक्के कमी केला तर हातात पडतात सत्तर युरो. म्हणजे साधारण एका हेडची किंमत. दिवसभर घर खरंच रिकामं असेल तर जास्त. दोघंही घरून काम करत असाल तर जवळजवळ शून्य, आणि तेव्हा हा छंद आहे हे मान्य करून मजेत करावा. माझ्याकडे तो छंदच आहे.

तेव्हा आता करायचं एवढंच. स्क्रिप्टमधलं लिहिणं आठवडाभर पूर्ण बंद करा, फक्त वाचन चालू ठेवा. राउटरमध्ये जाऊन चारही हेडांचं वेळापत्रक नीट भरा: दिवाणखाना दिवसा २१, रात्री १८, बेडरूम १७, बाथरूम सकाळी दोन तास २२. सेल नवे घाला. एक दिवस साडेपाचचा गजर लावून पाइपला हात लावून या. आठ दिवसांनी दिवाणखान्याचा एका रात्रीचा लॉग, रात्री दहा ते सकाळी नऊ, आणि पाइप गरम होता की कोमट एवढं इथे लिहा. बॉयलरची वेळ त्यावरून बहुतेक कळेल, आणि स्क्रिप्टला काम उरतंय का तेही.